मे महिन्याची कुंडी मृगात भरावी

२०२४ च्या मे महिन्यात अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केले, आणि त्याचे कारण होते ऊन. ना दंगल, ना मोर्चा. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला म्हणून कामगारांना पिण्याचे पाणी आणि पंख्याची सोय द्यावी, खासगी शिकवण्या भर दुपारी घेऊ नयेत, असे आदेश निघाले. जिथे दुपारी काय करू नये हे माणसांना कलम लावून सांगावे लागते, तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या गॅलरीत सहा इंची काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मोगरा उभा असतो. तो वाळला की घरात एकच निदान होते: ऊन लागले. निदान खोटे नाही, पण अपुरे आहे, कारण रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलेला गोडनिंब बहुधा त्याच उन्हात तगून राहतो. फरक मुळांभोवती किती माती आहे, ती कोणती आहे आणि मुळे तिच्यात कधीपासून रुळली आहेत, याचा असतो. वऱ्हाडात लहान रोप मोठ्या कुंडीत हलवायचे ते त्याला वाढायला जागा मिळावी म्हणून, हे खरेच; पण त्याहून आधी मुळांना पुढच्या मे महिन्यातून पार पाडण्यासाठी. हे काम मे महिन्यात करता येत नाही. ते आधीच्या मृगात, फार तर दसरा-दिवाळीच्या सुमारास उरकावे लागते. कुंडी केवढी, तिच्यात काय भरायचे आणि केव्हा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे इथे उन्हाळ्यापासून मागे मोजत आली पाहिजेत.

आकारापासून सुरुवात करू. सहा इंची कुंडीत साधारण दोन लिटर माती मावते. त्याच घडणीची बारा इंची कुंडी घेतली तर रुंदी दुप्पट होते, बाहेरचा पृष्ठभाग चौपट होतो आणि मातीचे आकारमान आठपट, म्हणजे सोळा लिटरच्या आसपास. या साध्या भूमितीत सगळे मर्म आहे. कुंडी तापते ती पृष्ठभागातून आणि ओल धरते ती आकारमानात. म्हणून दर लिटर मातीमागे ऊन खाणारा पृष्ठभाग मोठ्या कुंडीत निम्म्यावर येतो. वाढीचा हिशोबही याच दिशेचा आहे. जर्मनीतील युलिश येथील वनस्पतिशास्त्रज्ञ हेंड्रिक पूर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कुंडीच्या आकारावरचे ६५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कुंडीचे आकारमान दुप्पट केल्यावर झाडाचे वस्तुमान सरासरी ४३ टक्क्यांनी वाढलेले आढळले. तो हिशोब वाढीचा होता. आपल्याकडे त्यात जगण्या-वाचण्याचा प्रश्न मिसळतो. अकोल्यात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या घरात असते, मुंबईत ते ३३ च्या आसपास. बहुतेक झाडांच्या मुळांना ३८ ते ४० अंशांपुढे इजा होऊ लागते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत उन्हाच्या बाजूची माती पन्नाशी गाठते, हे उष्ण प्रदेशांतील रोपवाटिकांत मोजले गेले आहे. लहान कुंडीत मुळांना सरकायला दुसरी बाजूच नसते. मोठ्या कुंडीत पश्चिमेकडची चार बोटे माती भाजली तरी मधली माती मुळांना आसरा देते.

मग सरळ सर्वांत मोठीच कुंडी का घेऊ नये? हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. चार इंची पिशवीतले रोप थेट बारा इंची कुंडीत लावले की त्याची मुळे पंधरावा-विसावा हिस्सा माती व्यापतात. उरलेल्या मातीतले पाणी शोषायला कोणी नसते. कुंडीच्या तळाला भोक कितीही मोठे असो, तळाशी ओलीचा एक थर अडकून राहतोच, आणि माती जितकी बारीक तितका तो जाड. तळाशी विटांचे तुकडे दोन-तीन इंच भरले की निचरा सुधारतो, हा समज इथेच फसतो. तो थर नाहीसा होत नाही, फक्त वर सरकतो आणि मुळांना आणखी जवळून भिडतो. माती बाहेर येऊ नये म्हणून भोकावर खापराचा एक तुकडा ठेवला की पुरे. ओल्या, हवा नसलेल्या मातीत मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात, आणि पिवळे पान पाहून माणूस आणखी एक तांब्या पाणी घालतो. म्हणून पायरी-पायरीने चढावे: चार इंची पिशवीतून सहा-आठ इंची कुंडी, तिथून दहा-बारा इंची. एका वेळी रुंदी दोन ते चार इंचांनी वाढवावी. मात्र पुढच्या उन्हाळ्यात ज्या कुंडीत झाड असायला हवे, ती शेवटची पायरी पाऊस सरण्याच्या सुमारास गाठलेली असावी. मिरची-वांग्यासारखी झपाट्याने वाढणारी रोपे चार-सहा आठवड्यांत एक पायरी चढतात. लिंबू, गोडनिंब, मोगरा यांना एक हंगाम लागतो. सांबार (कोथिंबीर), मेथी, पालक यांच्या वाट्याला हा खटाटोप येतच नाही. त्यांचे बी कायमच्या पसरट कुंडीतच टाकावे.

पाणी साचण्याचे हे भय पुस्तकी नाही, याचा पुरावा अमरावती जिल्ह्यातच आहे. वरूड-मोर्शी हा संत्र्याचा पट्टा आणि वरूड तालुक्यातले शेंदूरजनाघाट हे संत्र्याच्या कलमांचे गाव. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेली रोपे तिथल्या रोपवाटिकांतून दूरदूर जातात. या पिकाचा जुना शत्रू म्हणजे डिंक्या आणि मूळकूज. तो पसरवणारी फायटोप्थोरा ही बुरशी भारी, पाणी धरणाऱ्या जमिनीत फोफावते. म्हणूनच नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था निचऱ्याच्या जमिनीचा आग्रह धरते आणि रोपे शेतातल्या वाफ्यांऐवजी उन्हात तापवून निर्जंतुक केलेल्या मिश्रणात, ट्रे आणि पिशव्यांत वाढवायला सांगते. हजारो झाडांच्या बागेला जे लागू, ते गॅलरीतल्या एका लिंबालाही लागू आहे, किंबहुना जास्तच. कारण बागेतल्या पाण्याला खाली झिरपायला काही फूट जमीन असते, कुंडीत जेमतेम वीत-दीड वीत. कलमी रोप हलवताना त्याचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे हा नियमही तिथूनच घ्यावा. कुंडी मोठी आणि खोल आहे म्हणून रोप खोलवर बसवण्याचा मोह होतो. जोड गाडला गेला की ओल्या मातीतला रोग थेट कलमाच्या सालीला भिडतो.

आता काळ्या मातीबद्दल थोडे कडू बोलणे भाग आहे. वऱ्हाडच्या माणसाला आपल्या काळ्या मातीचा अभिमान आहे आणि तो सार्थ आहे. कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा तिच्यावरच उभे आहेत. त्यामुळे गॅलरीतल्या कुंडीसाठीही शेतातून एक-दोन पोती काळी माती आणली जाते. या मातीतील चिकणखनिजे पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आकसतात. शेतात त्यामुळे उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, आणि त्या भेगांतून पहिला पाऊस खोल मुरतो. कुंडीत तीच माती आकसली की कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली ताटलीत उतरते; माणसाला वाटते पाणी पुरले, आणि मधला गोळा कोरडाच राहतो. पावसाळ्यात उलटे होते, माती चिबडते आणि मुळांना हवा मिळत नाही. म्हणजे एकाच कुंडीत मे महिन्यात तहान आणि ऑगस्टमध्ये कूज. कुंडी मोठी केली की हे दोन्ही दोष मोठे होतात, म्हणून नुसता आकार वाढवणे हा उपाय ठरत नाही. काळी माती एकूण मिश्रणाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. उरलेल्यात एक हिस्सा भरड वाळू किंवा बारीक मुरूम, एक हिस्सा पुरते कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट, आणि वर मूठभर लिंबोळी पेंड. परीक्षा सोपी आहे. ओलसर मिश्रण मुठीत दाबावे. लाडू वळला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटलाही पाहिजे. वळलाच नाही तर वाळू जास्त, फुटला नाही तर माती जास्त.

रोपवाटिकेतून येणाऱ्या रोपांची आणखी एक अडचण आहे. शोभेची बरीच रोपे इथे आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येतात, लाल चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात. पिशवी ब्लेडने चिरून तो गोळा हातात घेतला की सगळी कथा समोर येते. बाहेरून गुळगुळीत, विटेसारखी लाल माती. तळाशी बांगडीसारखी गोल फिरलेली तपकिरी मुळे. आणि कुठे कुठे पांढरी, कोवळी टोके. पाणी पिणारी ती पांढरी टोके. तपकिरी बांगडी म्हणजे वाट न सापडलेल्या मुळांचा गुंता. हा गोळा जसाच्या तसा मोठ्या कुंडीत ठेवून भोवती नवे मिश्रण भरले तर पाणी दोन मातींच्या सीमेवर अडखळते. भोवतालचे मिश्रण ओले आणि लाल गोळा कोरडा, किंवा गोळा चिंब आणि भोवताल सुका, असे दिवस दिवस राहते. आणि मुळांची फिरकी मोठ्या कुंडीतही तशीच चालू राहते. हे टाळण्यासाठी रोपाला आदल्या दिवशी पाणी द्यावे, गोळ्याच्या बाजूंना वरून खाली तीन-चार उथळ चिरा द्याव्यात, तळाची बांगडी कापून टाकावी आणि कडेची माती बोटांनी हलकेच झाडावी. झाडाला हा मार बसतोच. काही मुळकेस तुटतात, आठवडाभर पाने मलूल दिसतात. पण न चिरता लावलेले रोप वरून टवटवीत दिसते आणि उन्हाळ्यात कळते की ते वर्षभर आपल्या जुन्या पिशवीतच राहिले होते.

इथेच मुहूर्ताचा प्रश्न येतो. बागकामाची बहुतेक पुस्तके कुंडी बदलण्यासाठी वसंत ऋतू सांगतात. समशीतोष्ण देशांत ते बरोबर आहे. तिथे वसंतानंतर झाडाला वाढीचे चार-पाच सौम्य महिने मिळतात. अकोल्यात फेब्रुवारी सरता सरता दुपारचा पारा ३४-३५ वर असतो, मार्चमध्ये सरासरी कमाल तापमान ३७ च्या आसपास जाते आणि एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडते. तुटलेल्या मुळांनी नवी टोके काढायची त्याच महिन्यात पाने दुप्पट पाणी मागू लागतात. मग मे महिन्याच्या शेवटी नवतपा. म्हणून इथला पहिला मुहूर्त मृगाचा. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते आणि मोसमी पाऊस विदर्भात साधारण जूनच्या मध्यावर पोहोचतो. पेरणीसाठी शेतकरी जसा पहिल्या सरीवर विसंबत नाही, तसेच इथेही करावे. पाऊस बसला, हवेतला कोरडेपणा गेला, ढग राहू लागले की आठ-दहा दिवसांत कुंड्या बदलून घ्याव्यात. मिश्रणही वाफशावर असावे, म्हणजे ओले पण हाताला चिखल न लागणारे. त्या वेळी हलवलेल्या झाडाला पुढच्या मार्चपर्यंत आठ-नऊ महिने मिळतात आणि मुळे नव्या मातीच्या कडेपर्यंत पोहोचलेली असतात.

यावर दुसरा आक्षेप असा की पावसाळ्यात बुरशी, कूज आणि गोगलगायी यांचा उपद्रव असतो, आणि मध्येच पावसाने खंड दिला तर ऊन पुन्हा तापते. दोन्ही खरे आहे. पण बुरशीचा उपाय मिश्रणात आहे, महिन्यात नाही; निचरा असलेली कुंडी जुलैची झड सोसते आणि निचरा नसलेली डिसेंबरातही कुजते. खंडाच्या काळातल्या उन्हाला हिरवी जाळी पुरते, कारण हवेत दमटपणा असतो. तरी ज्याला पावसाळा नको त्याच्यासाठी दुसरा मुहूर्त आहे: ऑक्टोबरचा तडाखा ओसरल्यावर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. गुलाबाची छाटणी, शेवंती आणि हंगामी फुलांची लागवड तेव्हाच होते. मात्र डिसेंबर-जानेवारीत जास्वंद, मोगरा, गोडनिंब यांना हात लावू नये. थंडीत त्यांची वाढ थांबलेली असते. मुळे दुखावली तर भरून यायला फेब्रुवारी उजाडतो आणि पाठोपाठ ऊन. नव्या कुंडीत लावल्यावर लगेच खताचा मारा करणेही टाळावे. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे पद्मश्री सुभाष पाळेकर यांनी घरोघर पोहोचवलेले जीवामृत असो की दुकानातले दाणेदार खत, ते नव्या मुळांसाठी असते, आणि नवी मुळे यायला दोन-तीन आठवडे लागतात. लहान कुंडीतच खत वाढवून भागवू म्हणणाऱ्यांना उत्तर एवढेच की खताने मातीचे तापमान उतरत नाही.

तिसरा आक्षेप पाण्याचा, आणि वऱ्हाडात तो सर्वांत जड. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळते, अमरावतीला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे. अकोल्यात तर नळ काही दिवसांआड येतो. माणसांनाच पाणी जपून वापरावे लागत असताना मोठ्या कुंड्यांना ते कुठून आणायचे? पण झाड पाणी पिते ते पानांच्या हिशोबाने, कुंडीच्या नव्हे. त्याच झाडाला लहान कुंडीत मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ पाणी लागते आणि त्यातले बरेचसे भोकातून वाहून जाते. मोठ्या कुंडीत ते साठून राहते आणि एक फेरी चुकली तरी झाड मरत नाही. वर दोन इंच कुटाराचे, म्हणजे मळणीतल्या भुशाचे, आच्छादन टाकले तर बाष्पीभवनही आवरते. खरी काळजी पाण्याच्या प्रतीची आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी खारे आहे. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. मातीच्या कुंडीवर उमटणारी पांढरी पापडी हा त्यांचाच ठसा. निचरा नसेल तर प्रत्येक कुंडीत एक छोटा खारपाणपट्टा तयार होतो. काळी चिकण माती सोडियमने आणखी घट्ट बसते, म्हणून भरड मिश्रण इथे दुहेरी कामाचे. पावसाळ्यात कुंड्या वळचणीखालून बाहेर सरकवून दोन-चार चांगल्या सरी त्यांच्यातून वाहू द्याव्यात. वर्षभराचे क्षार धुऊन काढणारे याहून स्वस्त पाणी नाही.

चौथा आक्षेप वजनाचा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार घरांच्या बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो, वापराचा भार गृहीत धरतात. ओल्या मातीचे वजन लिटरला दीड-पावणेदोन किलो भरते. एका चौरस मीटरमध्ये बारा इंची नऊ कुंड्या बसतात. निव्वळ मातीने भरल्या तर मातीचेच वजन २४० किलोच्या आसपास, आणि कुंड्या सिमेंटच्या असतील तर एकूण भार ३०० च्या पुढे. जुन्या इमारतीत, पाणी मुरलेल्या स्लॅबवर हे धोक्याचे आहे. उत्तर पुन्हा मिश्रणातच सापडते. कंपोस्ट जास्त असलेले मिश्रण ओले असताना लिटरला साधारण किलोभर भरते. त्याच नऊ कुंड्यांतल्या मिश्रणाचे वजन दीडशे किलोच्या आत येते. कुंड्या भिंतीलगत मांडाव्यात, कठड्याच्या कडेला रांग लावू नये. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने उसाच्या चिपाडावर, अगदी थोड्या मातीत, गच्चीवरची शेती करून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवरही स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यावर बाग उभी राहिली. वऱ्हाडात चिपाड नाही, पण सोयाबीन आणि हरभऱ्याचे कुटार आहे, कपाशीच्या पऱ्हाट्या आहेत. शेतात त्या पेटवून देतात आणि शहरातला माणूस दक्षिणेतून आलेल्या कोकोपीटच्या विटा विकत घेतो. कुटार शेणकाल्यात नीट कुजवून घेतले पाहिजे. अर्धे कच्चे राहिले तर कुजताना ते झाडाच्याच वाट्याचे नत्र खाते आणि पाने पिवळी पडतात.

राहिला शेवटचा आक्षेप: काही झाडांना अडचणच आवडते. अडेनियम, स्नेक प्लांट घट्ट कुंडीत सुखी असतात, आणि बोगनवेल मुळे दाटली की जास्त फुलते. मान्य. पण ही झाडे मुळातच कोरड्याला सोसणारी आहेत. मे महिन्याच्या परीक्षेत ती आधीच उत्तीर्ण असतात. त्यांना सूट दिल्याने नियम मोडत नाही, उलट नियमाचा अर्थ स्पष्ट होतो: कुंडीचा आकार झाडाच्या मे महिन्यातल्या गरजेवरून ठरतो. तसेच ज्यांची गॅलरी भरली आहे त्यांनी दरवर्षी आकार वाढवण्याची गरज नाही. बारा इंची कुंडीतले जुने झाड मृगात उपसून मुळांचा बाहेरचा चौथा हिस्सा छाटावा, फांद्याही त्या मानाने उतरवाव्यात आणि त्याच कुंडीत नवे मिश्रण भरून परत लावावे. जागा तीच राहते, माती नवी होते.

अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. शेतातल्या पिकांना इथल्या मातीची आणि इथल्या पावसाची शिफारस लागते, पुण्याची किंवा पंजाबची चालत नाही, हे अशा संस्थांमुळेच आपल्याला पटले. गॅलरीतली बाग मात्र अजून परक्या वेळापत्रकावर चालते: वसंतात कुंडी बदला, लाल माती आणा, कोकोपीट घाला. त्या सल्ल्यांमागचे शास्त्र खोटे नाही. त्यांनी गृहीत धरलेले हवामान आपले नाही. दिवाळीत गुलाब, शेवंती, मिरची यांच्या कुंड्या बदलून घ्याव्यात. मोगरा, लिंबू, गोडनिंब जिथे आहेत तिथे राहू द्यावेत, उन्हाळ्यात त्यांना सावली आणि आच्छादन द्यावे, आणि मे महिना संपण्याआधी कुटार कुजवून, वाळू चाळून, रिकाम्या बादल्यांना भोके पाडून मिश्रण तयार ठेवावे. पाऊस बसला की हात मोकळे हवेत. वऱ्हाडात हलवलेल्या झाडाला रुळायला निसर्ग वर्षातून एकदाच एवढा लांब अवधी देतो.